पायरेट्सचे खेळाडू आणि माझी बेसबॉल कार्डं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिट्सबर्गच्या आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मी दरवर्षी एका टेबलावर पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाच्या खेळाडूंची कार्डं मांडतो. मुलं येतात, त्यांचे आईवडील येतात, भारतातून आलेले आजी-आजोबा तर खुर्ची ओढून बसतात. घरी गेल्यावर मग फोनवर प्रश्न सुरू होतात. दरवर्षी बहुतेक तेच असतात, म्हणून इथे एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवतो. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर.

१. बेसबॉल कार्ड म्हणजे नेमकं काय? पत्ते आहेत का हे?

खेळायचे पत्ते नव्हेत, पण आकार साधारण तेवढाच. अडीच इंच बाय साडेतीन इंच, हे माप १९५७ पासून रूढ आहे. पुढच्या बाजूला खेळाडूचा फोटो, नाव, संघ आणि तो मैदानावर कुठे उभा राहतो ते. मागे कार्डाचा नंबर, उंची, वजन, जन्मगाव आणि वर्षवार आकडेवारी. जुन्या कार्डांवर मागे एखादं छोटं व्यंगचित्रही असायचं.

सुरुवात एकोणिसाव्या शतकात सिगारेटच्या पाकिटांतून झाली. पाकीट चेपू नये म्हणून आत जो पुठ्ठा घालायचे, त्यावरच खेळाडूंची चित्रं छापली. पुढे मिठाई आली, मग बबलगम. माझ्या लहानपणी टॉप्स कंपनीच्या पाकिटात गुलाबी, कडक, पिठूळ गमची पट्टी असायची. दोन मिनिटांत तिची गोडी संपे आणि कार्ड हातात उरे. १९९२ च्या पाकिटांतून टॉप्सने गम काढूनच टाकला. भारतात ज्यांनी बिग फन बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवली, त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पाकीट फोडेपर्यंत आत कोण आहे ते कळत नाही, सगळी ओढ त्यात आहे.

२. मला क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. मागचे आकडे कसे वाचायचे?

एक आकडा कळला तरी पुरे: बॅटिंग ॲव्हरेज. क्रिकेटमध्ये आपण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतो. इथे बॅटर किती वेळा अधिकृतपणे बॅटिंगला आला आणि त्यातून किती वेळा हिट मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचला, त्याचा भागाकार करतात. उत्तर जवळजवळ नेहमी एकाहून कमी येतं. ते .३१७ असं लिहितात, पुढे शून्य न देता, आणि 'थ्री सेव्हन्टीन' असं वाचतात. म्हणजे हजार संधींत ३१७ हिट. .३०० च्या वर जाणारा उत्तम. दहापैकी सात वेळा अपयशी ठरूनही माणूस मोठा खेळाडू ठरतो, हे क्रिकेटच्या डोळ्यांना चमत्कारिक वाटतं. मलाही वाटलं होतं.

कार्डाच्या मागे दर वर्षाची एक ओळ असते आणि तळाशी एकूण बेरीज. नव्या खेळाडूच्या मागे दोनच ओळी, बाकी मजकूर. जुन्या खेळाडूच्या मागे इतक्या ओळी की अक्षर बारीक करावं लागतं. माझी सवय अशी की कार्ड आधी उलटं करून पाहायचं. फोटो एका क्षणाचा असतो. मागे त्या माणसाची वर्षं असतात, जखमी होऊन अर्ध्यावर सोडलेला हंगामसुद्धा.

३. तुम्हाला हे वेड कधी लागलं? आणि पायरेट्सच का?

ऑगस्ट १९७९. वडिलांची नोकरी पिट्सबर्गला लागली आणि आम्ही सांगलीहून इथे आलो. मी दहा वर्षांचा होतो, इंग्रजी पुस्तकी, आणि शाळेत बोलायला कोणी नाही. शेजारच्या मुलाकडे बुटांच्या खोक्यात कार्डं होती. त्याच्याकडे दोन-दोन असलेली त्याने मला दिली. आमच्या पोर्चच्या पायरीवर बसून तो नाव म्हणायचा आणि मी त्याच्या मागून म्हणायचो. इंग्रजी उच्चार मी शाळेच्या आधी तिथे शिकलो.

आणि वर्ष कोणतं, तर १९७९! त्या ऑक्टोबरात पायरेट्स वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध १-३ असे मागे पडले होते. तिथून सलग तीन सामने जिंकून त्यांनी विजेतेपद मिळवलं. १७ ऑक्टोबरच्या सातव्या सामन्यात विली स्टार्जेलने होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला. तो तेव्हा ३९ वर्षांचा होता. आमच्या गल्लीत लोक दारं उघडून भांडी वाजवत बाहेर आले. आई घाबरली, तिला वाटलं काहीतरी झालं. पायरेट्सने त्यानंतर आजतागायत वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं तर ते जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त. त्या सगळ्या वर्षांची कार्डं माझ्याकडे आहेत. हरणाऱ्या वर्षांची थोडी अधिकच काळजीने ठेवली आहेत, कारण ती दुसरं कोणी ठेवत नाही.

४. सगळ्यांत आवडता खेळाडू कोण? एकच सांगा.

रॉबर्टो क्लेमेंटे. त्याला खेळताना मी पाहिलेलं नाही. मी इथे आलो त्याच्या जवळजवळ सात वर्षं आधीच तो गेला होता.

पोर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावचा हा मुलगा १९५५ मध्ये पायरेट्सकडे आला आणि अठरा हंगाम त्याच संघात खेळला. उजव्या मैदानातून त्याचा थ्रो असा यायचा की धावणारे मध्येच थबकत. चार वेळा लीगमध्ये बॅटिंगचा पहिला, क्षेत्ररक्षणासाठी बारा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार, कारकिर्दीचं ॲव्हरेज .३१७. ३० सप्टेंबर १९७२ ला थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर त्याने ३००० वी हिट मारली. साखळी हंगामातली ती त्याची शेवटची हिट ठरली. त्या डिसेंबरात निकाराग्वातलं मनाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झालं. क्लेमेंटेने मदत गोळा करून पाठवली, पण ती लोकांपर्यंत पोचत नाही असं कानावर आल्यावर ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः सामानाच्या विमानात बसला. जास्त वजन भरलेलं ते विमान सान हुआनजवळ समुद्रात कोसळलं. त्याचा देह मिळाला नाही. संघातला कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) आणि मित्र मॅनी सँगियेन श्रद्धांजलीच्या सभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात त्याला शोधत होता.

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबल्याशिवाय हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानयादीत, नाव येत नाही. क्लेमेंटेसाठी हा नियम बाजूला ठेवला आणि १९७३ मध्येच त्याला घेतलं. लॅटिन अमेरिकेतून तिथे पोचलेला तो पहिला.

आता कार्डाकडे येतो. १९७३ च्या टॉप्स सेटमध्ये ५० नंबरचं कार्ड क्लेमेंटेचं आहे. म्हणजे तो गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात पोरं पाकीट फोडत होती आणि आतून तो निघत होता, हातात बॅट घेतलेला. मागे हिट्सच्या रकान्यात तळाला बेरीज: ३०००. माझं कार्ड मी १९८१ मध्ये एका चर्चच्या तळघरात भरलेल्या कार्ड मेळ्यात घेतलं, वर्तमानपत्रं टाकून साठवलेल्या पैशांतून. वरचा डावा कोपरा मऊ पडलाय, मधोमध केसासारखी एक बारीक घडी आहे, उजेडात तिरकं धरलं तरच दिसते. अल्बमच्या पानात त्याच्या शेजारच्या कप्प्यात मी सँगियेनचं १९७३ चं कार्ड ठेवलंय.

५. तुमच्या टेबलावर 'बॉब क्लेमेंटे' लिहिलेलं कार्ड पाहिलं. भाऊ का?

नाही, तोच. १९५५ आणि १९५६ च्या टॉप्स कार्डांवर 'रॉबर्टो' छापलं होतं. १९५७ पासून १९६९ पर्यंत कंपनीने त्याला 'बॉब' करून टाकलं, कारण अमेरिकन जिभेला ते सोपं. त्याला ते नाव आवडत नसे. आपलं नाव रॉबर्टो आहे, हे तो सांगत राहिला. १९७० च्या कार्डावर ते परत आलं. माझ्याकडचं १९६९ चं 'बॉब' आणि १९७० चं 'रॉबर्टो' मी मुद्दाम जोडीने मांडतो. शाळेत ज्यांचं नाव बाईंनी पहिल्या दिवशी तोडून छोटं केलं, त्या आपल्या मुलांना ही जोडी लगेच कळते.

६. स्टार्जेलशिवाय १९७९ च्या संघातले कोण कोण आवडतात?

सगळेच. पण हाताला आधी लागतात ते डेव्ह पार्कर आणि केंट टकल्व्ही.

पार्कर म्हणजे साडेसहा फुटांचा डोंगर. १९७७ आणि १९७८ अशी सलग दोन वर्षं नॅशनल लीगमध्ये बॅटिंगचा पहिला. १९७९ च्या, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात त्याने उजव्या मैदानातून थेट होम प्लेटवर (धाव पुरी होते त्या जागी) थ्रो करून धावणाऱ्याला बाद केलं होतं. हॉल ऑफ फेमसाठी त्याला फार वाट पाहावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये निवड झाली आणि जुलै २०२५ च्या समारंभाच्या साधारण महिनाभर आधी, २८ जूनला, तो गेला. पार्किन्सन्सने त्याला बरीच वर्षं ग्रासलं होतं. त्या रात्री मी त्याचं १९७४ चं रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचं, कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि दिवा तसाच चालू ठेवला.

टकल्व्ही अगदी उलट: काटकुळा, डोळ्यांवर मोठा रंगीत चष्मा, हात जवळजवळ जमिनीला घासत खालून चेंडू टाकणारा. वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी पडला तेव्हा चेंडू त्याच्याच हातातून सुटला होता.

आणि स्टार्जेलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पायरेट्सच्या तेव्हाच्या टोप्या चपट्या, आडव्या पट्ट्यांच्या होत्या. कर्णधार म्हणून स्टार्जेल चांगल्या खेळाबद्दल सहकाऱ्यांना सोनेरी तारे द्यायचा आणि मोठमोठे खेळाडू ते टोपीवर शिवून घ्यायचे. त्या वर्षांची कार्डं हाती आली तर टोप्यांकडे नीट पाहा. ९ एप्रिल २००१ ला, पायरेट्सचं नवं मैदान पीएनसी पार्क पहिल्या साखळी सामन्यासाठी उघडलं त्याच दिवशी पहाटे स्टार्जेल वारला.

७. ते कोट्यवधींचं वॅग्नरचं कार्ड! त्यात एवढं काय आहे?

होनस वॅग्नर आमच्याच गावचा, पिट्सबर्गजवळच्या कार्नेगीचा. पायरेट्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), आठ वेळा बॅटिंगचा पहिला, १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाचांत. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून जो सेट काढला, त्यात त्याचं कार्ड होतं. त्याने परवानगी नाकारली आणि छपाई थांबली. आज त्या कार्डाच्या पन्नास-साठच प्रती माहीत आहेत. २०२२ मध्ये त्यातली एक ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली, आणि तीही झिजलेली.

त्याने नकार का दिला? मुलांनी आपल्या कार्डापायी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं बहुतेक जण सांगतात. मोबदल्यावरून बिनसलं, असंही म्हणतात. तंबाखूचा त्याला स्वतःला तिटकारा नव्हता. १९४८ च्या लीफ कंपनीच्या कार्डावर म्हातारा वॅग्नर, तेव्हा पायरेट्सचा कोच, तंबाखूची चिमूट तोंडात टाकताना दिसतो. मला पहिलं कारणच पटतं: माणूस स्वतः खातो, पण पोरांच्या हाती देत नाही. आपल्याकडेही असे आजोबा घरोघरी होते.

या सेटला सगळे 'टी २०६' म्हणतात. ते नाव कंपनीचं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूसचे जेफरसन बर्डिक यांनी कार्डांची पहिली मोठी सूची केली, त्यातला तो क्रमांक. त्यांनी तीन लाखांवर छापील कार्डं आणि चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली. संधिवाताने बोटं वाकडी झाली असतानाही तिथे जाऊन ती स्वतः अल्बममध्ये चिकटवली. काम जानेवारी १९६३ मध्ये संपलं आणि दोन महिन्यांत ते वारले. जमवणाऱ्या लोकांत माझ्या लेखी त्यांच्या वर कोणी नाही.

८. मग सर्वांत महाग कार्ड वॅग्नरचंच?

लिलावातल्या बेसबॉल कार्डांत न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मिकी मॅन्टलचं १९५२ चं टॉप्स कार्ड त्याच्या पुढे गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या एका जवळजवळ निर्दोष प्रतीला १ कोटी २६ लाख डॉलर आले. १९५२ च्या सेटमधली शेवटची मालिका दुकानात उशिरा पोचली आणि पडून राहिली. टॉप्सचे साय बर्गर सांगत की १९६० मध्ये त्यांनी ती खोकीच्या खोकी बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवली. गंमत म्हणजे त्या मालिकेत मॅन्टल सर्वांत दुर्मिळ नाहीच, छपाईच्या शीटवर तो दोनदा होता. किंमत दुर्मिळपणाने वाढते तशी लोकांच्या जीव जडण्यानेही वाढते.

९. आमच्या बेसमेंटमध्ये १९८७ ते १९९२ ची खोकीभर कार्डं आहेत. किती येतील?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर देताना मला दर वेळी वाईट वाटतं. जवळजवळ काही नाही.

१९८१ पर्यंत टॉप्सला फारसा प्रतिस्पर्धी नव्हता. त्या वर्षी फ्लीअर आणि डॉनरस आले, मग स्कोअर आले, १९८९ मध्ये अपर डेक. जुनी कार्डं महाग झाल्याच्या बातम्या वाचून लोकांनी नवी कार्डं मुलांच्या कॉलेजसाठी गुंतवणूक म्हणून घेतली आणि कंपन्यांनी ती अफाट छापली. सगळ्यांनीच जपून ठेवली, म्हणून आज सगळ्यांकडेच आहेत. १९५० च्या दशकातली कार्डं महाग आहेत ती बहुतेकांनी फेकली म्हणून.

तरी टाकू नका. लाकडाच्या रंगाच्या चौकटीचा १९८७ चा टॉप्स सेट, ७९२ कार्डांचा, मला फार देखणा वाटतो. एका रविवारी मुलांबरोबर जमिनीवर पसरून संघवार लावा. एखादं अपवादात्मक कार्ड सापडू शकतं, त्यासाठी प्रश्न १० आणि ११ पाहा.

१०. 'रूकी कार्ड' म्हणजे पहिलं कार्ड ना? मग त्यावर एवढे वाद का?

ढोबळमानाने हो, खेळाडूचं पहिल्या वर्षाचं कार्ड. पण 'पहिलं' कशाला म्हणायचं, इथे गाडी अडते. मॅन्टलचं खरं रूकी कार्ड १९५१ चं बोमन कंपनीचं आहे, पण लोक पैसे ओततात ते प्रश्न ८ मधल्या १९५२ च्या टॉप्सवर. पायरेट्सचा बॅरी बॉन्ड्स १९८६ च्या टॉप्स ट्रेडेड या पुरवणी सेटमध्ये आला, पण तो सेट पाकिटांत नव्हता, डबाबंद मिळायचा. म्हणून पाकिटातून निघालेलं १९८७ चं टॉप्स कार्डच आपलं, असं माझ्या वयाचे लोक म्हणतात. मीही. केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं अपर डेकचं एक नंबरचं कार्ड तर त्या पिढीच्या काळजातलं. त्यातली मॅरिनर्सची टोपी मूळ फोटोत नव्हती. फोटो धाकट्या लीगच्या संघातला होता आणि टोपी नंतर रंगवून बदलली.

हल्ली आणखी एक प्रकार आला आहे. नवा खेळाडू पहिल्या सामन्यात बाहीवर एक खास पट्टी लावतो. ती काढून एका कार्डात बसवतात आणि असं कार्ड जगात एकच. आमच्या पॉल स्कीन्सने ११ मे २०२४ ला पायरेट्ससाठी पहिला सामना खेळला. त्याचं ते कार्ड लॉस एंजेलिसच्या अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळालं. पायरेट्सने बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. कुटुंबाने लिलाव निवडला आणि मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलर आले. मी तिकिटं घेतली असती, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

११. छपाईत चूक झालेलं कार्ड जास्त महाग असतं का?

सरसकट नाही. चूक लक्षात आल्यावर ती सुधारून पुन्हा छापलं, आणि चुकलेल्या प्रती थोड्या राहिल्या, तरच. चूक तशीच राहिली तर ती प्रत्येकाच्या कार्डात असते, भाव वाढायचं कारण नाही.

हँक आरनचं १९५७ चं कार्ड घ्या. निगेटिव्ह उलटी छापली गेली आणि उजवा आरन डावखुरा झाला. १९६९ मध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर चक्क संघाच्या बॅटबॉयचा, म्हणजे बॅटी सांभाळणाऱ्या मुलाचा, फोटो आला. दोन्ही तशीच राहिली. उलट १९८७ च्या डॉनरसच्या 'ओपनिंग डे' सेटमध्ये बॉन्ड्सच्या नावाखाली पायरेट्सच्याच जॉनी रेचा फोटो गेला, ती चूक लगेच सुधारली, म्हणून चुकलेलं कार्ड दुर्मिळ. ओळखायची खूण: चुकलेल्यात पांढरा गणवेश, सुधारलेल्यात काळा. आणि १९८९ च्या फ्लीअरमधल्या बिली रिपकेनच्या बॅटच्या मुठीवर एक शिवी लिहिलेली आहे. कंपनीने ती कधी खरवडून, कधी काळा चौकोन टाकून झाकली, त्यामुळे त्याचे बरेच प्रकार आहेत. टेबलावर मी ते ठेवत नाही, मुलं असतात.

१२. ग्रेडिंग करून घ्यावं का?

ग्रेडिंग म्हणजे पीएसए किंवा एसजीसीसारख्या कंपनीकडे कार्ड पाठवायचं. ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, हे पाहून १ ते १० गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवतात. विकायचं असेल, किंवा १९७० च्या आधीचं चांगलं कार्ड असेल, तर करा. प्रश्न ९ मधल्या कार्डांसाठी करू नका, फी कार्डापेक्षा जास्त होईल. पेटीवरचा आकडा हा कंपनीचं मत आहे, ब्रह्मवाक्य नव्हे. पीएसएने सर्वांत पहिलं ग्रेड केलेलं कार्ड प्रश्न ७ मधल्या वॅग्नरचीच एक वेगळी प्रत होती, आणि पुढे कोर्टात उघड झालं की विक्रेत्याने तिच्या कडा आधीच कापून नीट केल्या होत्या.

१३. कार्डावर कोणी पेनाने लिहिलं असेल तर ते वाया गेलं का?

बाजारात भाव पडतो. ग्रेडिंगमध्येही 'खूण आहे' असा शेरा येतो किंवा गुण कापले जातात. खेळाडूची सही असेल तर गोष्ट वेगळी, पण ती खरी असल्याचा दाखला लागतो.

माझ्या स्टार्जेलच्या १९७९ च्या कार्डाची हकिकत मात्र सांगतो. माझ्याकडे त्याची दोन झाली होती, म्हणून एक मी वर्ल्ड सिरीजनंतर पत्रात घालून सांगलीला आजोबांना पाठवलं. 'हा आमचा कॅप्टन' एवढंच लिहिलं होतं. आजोबा कारकून होते. हाती आलेल्या प्रत्येक कागदावर पोच लिहायची त्यांची रीत. ते गेल्यावर आत्याला त्यांच्या बँकेच्या पासबुकात ते कार्ड सापडलं. मागे, आकड्यांच्या रकान्यांवर आडवं, निळ्या शाईत: 'पोचले. १२-११-७९', आणि खाली त्यांची लफ्फेदार सही. दोन आकडे शाईखाली गेले आहेत. एका कार्ड मेळ्यात एका विक्रेत्याने ते पाहून, शाई काढून देणारा माणूस आहे, असं सुचवलं. मी कार्ड लगेच खिशात घातलं.

१४. कार्डं जपायची कशी? पुण्यामुंबईच्या हवेत टिकतील का?

टिकतात, पावसाळा सांभाळला तर. आधी पातळ प्लास्टिकची स्लीव्ह, मग कडक टॉपलोडर, किंवा नऊ कप्प्यांच्या पानांचा अल्बम. पानं पीव्हीसीची नाहीत ना, ते विचारून घ्या. मी १९८० च्या दशकात स्वस्तातली मऊ, वास येणारी पानं वापरली आणि काही वर्षांनी चार कार्डांची चकाकी पानालाच चिकटून निघून आली. अल्बम उभा ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रबरबँड कधीच लावू नका. माझ्या १९७९ च्या बहुतेक कार्डांच्या कडेला मधोमध जी खाच आहे, ती रबरबँडची.

१५. ऑनलाइन स्वस्तात वॅग्नर मिळतोय. घेऊ?

नाही. ती नक्कल आहे. खरं कार्ड आजच्या कार्डापेक्षा बरंच छोटं असतं, पावणेतीन इंचांहूनही कमी उंचीचं. कुठल्याही जुन्या कार्डासाठी भिंगाखाली त्याच सेटचं खात्रीचं स्वस्त कार्ड शेजारी ठेवून कागद आणि छपाई पडताळा.

१६. बॉन्ड्सवर उत्तेजकांचे आरोप झाले. त्याचं कार्ड तुम्ही का मांडता?

हा प्रश्न रागाने येतो, आणि तो राग मला समजतो. त्याचे ७६२ होम रन हा विक्रम आहे, पण लेखकांच्या मतदानात दहा वर्षं उभं राहूनही त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं नाही. मी मांडतो तो पिट्सबर्गचा बॉन्ड्स: सडपातळ, पळणारा, १९९० आणि १९९२ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. १४ ऑक्टोबर १९९२ ला अटलांटात शेवटच्या हिटवर त्याचा थ्रो आला, पण पायरेट्सचाच जुना खेळाडू सिड ब्रीम, दुखऱ्या गुडघ्यांचा, घसरत होम प्लेटला केसभर आधी पोचला. आम्ही वर्ल्ड सिरीजला मुकलो. बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि प्रश्न ३ मधली ती वीस वर्षं सुरू झाली. अल्बममध्ये त्याच्या शेजारी ब्रीम आहे. त्यांना काढलं तर माझ्या तेविसाव्या वर्षाचं पानच रिकामं होईल.

१७. पायरेट्समध्ये कोणी भारतीय होता का?

नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सने उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू घेतले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही पिचर (चेंडू टाकणारे) म्हणून धाकट्या लीगमध्ये खेळले, मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत. हा रिंकू म्हणजे कोलकात्याकडून खेळणारा क्रिकेटपटू नव्हे, पुढे कुस्तीच्या रिंगणात 'वीर महान' झाला तो.

१८. पिट्सबर्गला येतोय. कार्डांतली माणसं कुठे भेटतील?

पीएनसी पार्कबाहेर वॅग्नर, क्लेमेंटे, स्टार्जेल आणि बिल मॅझरॉस्की यांचे पुतळे आहेत. आत उजव्या मैदानाची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेचा नंबर २१.

पण जमलं तर १३ ऑक्टोबरला या. ओकलंड भागात, विद्यापीठाच्या आवारात, पायरेट्सच्या जुन्या, पाडलेल्या फोर्ब्स फील्ड मैदानाच्या विटांच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. १९६० मध्ये याच तारखेला इथे वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना झाला. नवव्या डावात ९-९ अशी बरोबरी असताना मॅझरॉस्कीने होम रन मारून यांकीजना हरवलं. दरवर्षी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन तिथे जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन पहिल्या चेंडूपासून लावतात. मी डबा घेऊन जातो, खिशात त्या होम रनचं १९६१ चं टॉप्स कार्ड असतं. दुपारी एकच्या सुमाराला सुरू होतं, जरा आधी या म्हणजे सावलीत जागा मिळेल. समालोचन असं जुळवून लावतात की चेंडू भिंतीवरून जातो तेव्हा घड्याळात बरोबर ३ वाजून ३६ मिनिटं झालेली असतात, त्या दिवशी झाली होती तशीच.